टमरेल, कागद आणि मागचं दार

जहाजावर चढलं की पहिला प्रश्न पोटाचा नसतो. पोटाच्या खालचा असतो. हे कुठल्या कवीनं लिहिलेलं नाही, कारण कवी गोदीत येत नाहीत, आणि गोदीवाल्यानं लिहिलं तर त्याला कविता म्हणत नाहीत. मी मॅट्रिक पास आहे. दिवसा स्टीलच्या कॉइलला स्लिंग लावतो, रात्री लिहितो. तेव्हा मीच लिहितो.

आठ तासांची पाळी. धक्क्यावरचा संडास तुंबलेला. जहाजावरचा संडास खलाशांचा, बहुतेक वेळा त्याला कुलूप. गेल्या पावसाळ्यात एका जहाजावर माझ्या पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधार. एक फिलिपिनो खलाशी, वयानं माझ्याएवढाच, माझं तोंड बघून समजला. ‘कम, माय फ्रेंड.’ आत नेलं. कमोड, भिंतीवर कागदाचं भेंडोळं, आणि खाली बादलीत दांडी लावलेलं एक प्लास्टिकचं डबडं. म्हणाला, ‘ताबो.’ त्याच्या देशात घरोघरी असतो. परमुलखात कामाला जाताना लोक सामानात बांधून नेतात. मी म्हणालो, आमचं टमरेल. दोघंही हसलो. दोस्तांनो, त्यानं माझं आडनाव विचारलं नाही. दार उघडून दिलं आणि पाठ करून उभा राहिला.

हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं तर एक कारकून लगेच संस्कृती घेऊन आला. गोरे घाणेरडे, पुसतात. आपण शुद्ध, धुतो. छाती अशी फुगवली की जणू पाण्याचा शोध त्याच्याच आज्यानं लावला!

च्यायला, पाणी काय तुमच्या बापाचं? मुसलमान जगभर पाण्यानं धुतो, डाव्या हातानं, त्याच्या धर्माचाच तो रिवाज. इटलीत 1975 सालापासून सरकारी नियमच आहे की घराच्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुवायचं बसकं भांडं, पाहिजे. जपानच्या टोटो कंपनीनं 1980 साली बटण दाबलं की खालून पाण्याची धार सोडणारी बैठक बाजारात आणली. आणि कागद तरी गोऱ्यांचा कुठला? चीनमध्ये तो सहाव्या शतकातच वापरात होता. यान झितुई नावाच्या एका पंडितानं त्या काळी लिहून ठेवलंय, ज्या कागदावर शहाण्यांची वचनं किंवा नावं असतील तो मी तिथं वापरत नाही. (आमच्या या अंकाचं काय करायचं ते वाचकानं ठरवावं.) अमेरिकेत गेयेटी नावाच्या माणसानं खास त्या कामाचा कागद विकायला काढला तो 1857 साली. कोण बसतो, कोण उकिडवा बसतो. जपानात संडासाच्या चपला वेगळ्या, त्या घालून घरात आलात तर लाज. ग्रीसमध्ये नळ्या अरुंद म्हणून वापरलेला कागद शेजारच्या डब्यात टाकायचा. या सगळ्या सवयी आहेत. पाण्याच्या, हवेच्या, नळ्यांच्या. त्यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

मी विचारतो ते दुसरंच. तुम्ही उठून गेल्यावर काय? ते कोण उचलतो?

जपानचंच घ्या. इदो, म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या वस्त्यांतला मैला शेतकरी विकत घ्यायचे. पैसे द्यायचे, भाजीपाला द्यायचे, होड्यांत घालून शेतावर न्यायचे. चाळीतल्या भाडेकरूंच्या मैल्यावर घरमालक हक्क सांगायचा, कारण त्याचे दाम यायचे. उचलणारा शेतकरी, आणि घरी जाऊन तोच त्याच खतावरचा भात खाणार. आजही तिथल्या कितीतरी शाळांत पोरं स्वतःच वर्ग झाडतात, संडास घासतात. जपान धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही. तिथंही कातडं कमावणाऱ्यांना, जनावरं कापणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलंच होतं. 1871 साली कायद्यानं ती उतरंड मोडली तरी बुराकुमिनांचं पोर लग्नाला उभं राहिलं की लोक मूळ गाव शोधत बसायचे. आमचेच भाऊ ते. पण मैल्याला तिथं जात चिकटली नाही.

आणि आपल्याकडं? मनूनं चौथ्या अध्यायात सांगून ठेवलंय, दिवसा उत्तरेकडं तोंड करून बसा, रात्री दक्षिणेकडं. पाचव्यात हिशोब आहे: पुढं एकदा माती लावा, मागं तीनदा, डाव्या हाताला दहादा, दोन्ही हातांना सातदा. ब्रह्मचाऱ्यानं दुप्पट, वानप्रस्थानं तिप्पट, यतीनं चौपट. वाण्याच्या वहीसारखा चोख जमाखर्च! हातावरची घाण मोजली. ती उचलणारा हात मोजला नाही. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला ते पुस्तक जाळलं, पण त्याचा नकाशा विटा-चुन्यात शिल्लक आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागं जाऊन बघा. दोन इमारतींच्या मधे एक चिंचोळी फट, हाउस गल्ली. टोपलीचे संडास होते तेव्हा उचलणाऱ्यानं पुढच्या दारानं, जिन्यानं, माणसांच्या नजरेसमोरून येऊ नये म्हणून ठेवलेली. महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात त्याला नाव आहे, हलालखोर. शहर बांधतानाच आमची वाट मागून आखली.  

गोऱ्यांच्या देशांतही संडास घासायचं काम बहुतेक वेळा परमुलखातून आलेल्या गरिबाच्याच गळ्यात पडतं, हे मला माहीत आहे. पण त्या गरिबाच्या पोराला कुणी म्हणत नाही की तू जन्मलास तोच यासाठी.

मला म्हटलं. धक्क्यावरचा तोच संडास पार तुंबून बाहेर आला. आमच्या टोळीत अकरा जण. मुकादमानं अकरांतून मलाच बोट दाखवलं. ‘ए, तू जा. तुम्हाला सवय असते.’ माझा आजा गिरणीत, बाप हमाली, मी लोडर. आमच्या तीन पिढ्यांत कुणी खराटा धरला नव्हता. सवय कुठून आली? बाबासाहेबांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात हेच बजावलं होतं, या देशात माणूस कामामुळं भंगी ठरत नाही, जन्मामुळं ठरतो, काम करो न करो. मी ते वाचलं होतं. त्या दिवशी ते माझ्या अंगावर चालून आलं. मी म्हणालो, अकरा चिठ्ठ्या टाका, माझं नाव निघालं तर उतरतो. कुणी चिठ्ठी टाकली नाही. माझ्या चार पाळ्या कापल्या.

शेवटी बाहेरून एक पोरगा आणला, हातात बांबू, अंगात चड्डी. हातानं मैला उपसायला लावणं 1993 च्या कायद्यानं बंद, पुन्हा 2013 च्या कायद्यानं बंद. सुप्रीम कोर्टानं 2014 साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, 2023 साली तीस लाख. भाव वाढला, साहेब! झाकण उघडायचं थांबलं नाही. 2014 पासून गावोगाव संडास बांधले, जाहिरातीत गांधींचा चष्मा. बांधले ते बरंच झालं, आमच्या बायांना अंधाराची वाट बघावी लागायची. पण खेड्यात कितीतरी घरं त्या संडासात जात नाहीत, का? खड्डा भरला तर उपसायचा कुणी, म्हणून. वर्षभर मुरला की त्याची माती होते, वास नाही, काही नाही. तरी हात लावायचा नाही. हात आमचा लागतो.

आता आईचं सांगतो, मग थांबतो. आई एका टॉवरमध्ये कामाला जाते. सकाळी आठ ते दुपारी तीन. त्या घरात संडास तीन. तिन्ही आई घासते, रोज, अ‍ॅसिड टाकून. आणि त्यातल्या एकातही तिला बसायची मुभा नाही. खाली वॉचमनचा आहे तिथं जा म्हणतात, तो वॉचमनच्या बायकोलाही नको वाटतो. म्हणून आई सकाळी पाणी पीत नाही. डॉक्टरनं लघवीची तपासणी लिहून दिली तेव्हा मला हे कळलं, इतकी वर्षं ती बोलली नव्हती. मी चार पाळ्यांसाठी भांडलो त्याची फुशारकी मारत होतो, आणि ती सात तास दाबून धरत होती.

मी तिला फिलिपिनो पोराची गोष्ट सांगितली. आडनाव न विचारणाऱ्याची. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘त्याला आई असंल चांगली.’ आणि भाकरी थापत बसली.

परवा दुपारी त्या घरी मधला संडास घासून झाल्यावर आईनं आतून कडी लावली. मालकीणबाईंनी दार वाजवलं. ‘मावशी, आत काय करताय?’

आई म्हणाली, ‘थांबा जरा, येळ लागंल.’