प्रश्न उद्भवत नाही

‘अमुक तलावाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ विधिमंडळातल्या प्रश्नांचा हा साचा वर्षानुवर्षं बदललेला नाही. उत्तरंही ठरलेली: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आम्ही या रूक्ष याद्यांविषयी मुद्दाम लिहितो आहोत. फराळाचे डबे रिकामे होता होता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे वेध लागतील. गाजतील ते सभात्याग आणि घोषणा. पण सरकार खऱ्या अर्थानं बांधलं जातं ते लेखी उत्तरात, असं आमचं ठाम मत आहे.

जून २०१९मध्ये विधानसभेत असंच एक लेखी उत्तर आलं. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी सरकारी मदतीला पात्र ठरली ६,८८८ प्रकरणं. उरलेल्या पाच हजारांहून अधिक घरांचं काय, हा पुढचा प्रश्न त्या आकड्यांतूनच उभा राहतो. भाषणात ‘शासन संवेदनशील आहे’ म्हणून वेळ मारून नेता येते. लेखी उत्तर मात्र मंत्र्याच्या नावावर कायमचं नोंदलं जातं, आणि त्यात जाणूनबुजून दिशाभूल केल्याचं आढळलं तर हक्कभंगापर्यंत गोष्ट जाते.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार सहज मिळालेला नाही. कायदे कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२च्या कायद्यानं दिली, उपप्रश्नासाठी मात्र १९०९ उजाडावं लागलं. म्हणूनच २००५मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढून टाकावं लागलं, त्यातले दोघे आपल्या खानदेशातले, याची चीड आजही कमी होत नाही.

प्रश्न कसा लिहिला आहे, यावर फार काही अवलंबून असतं. सप्टेंबर २०२०मध्ये संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता. उरली होती फक्त लेखी उत्तरं. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असं लोकसभेत विचारलं गेलं. कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं: अशी माहिती ठेवली जात नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. मरणाची नोंद नाही म्हणून भरपाईही नाही! त्याच महिन्यात राज्यसभेत नेमका प्रश्न आला, श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंचा. तेव्हा रेल्वेमंत्र्यांना आकडा द्यावा लागला: ९७. सरकार तेच होतं, पण या प्रश्नाला पळवाट ठेवलेली नव्हती.

८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून रुळांच्या कडेनं चालत ते भुसावळला गाडी पकडायला निघाले होते. श्रमिक गाडीत ते कधी चढलेच नाहीत, त्यामुळे त्या ९७मध्ये ते नाहीत. त्या दिवसांत राज्यातल्या रस्त्यांवर आणि रुळांवर घरी चालत निघालेले किती मजूर मेले, जिल्हावार किती, कोणाच्या वारसांना किती रक्कम मिळाली, हे अजूनही विचारता येतं. पंचनामे आपल्याच पोलिसांकडे आहेत. नागपूरला जाणाऱ्या आपल्या आमदाराला हा प्रश्न लिहून द्या.