तुमच्या पणजोबांचं नाव जुन्या जनगणनेत सापडेल का?

मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर गॅझेटियर, जनगणना, कुणबी नोंद हे शब्द गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊन पोचले. त्यासोबत एक समजूतही पसरली. ती अशी की इंग्रजांनी आणि निजामानं १८८१ साली घरोघरी जाऊन माणसं मोजली होती, म्हणजे आपल्या खापरपणजोबांचं नाव आणि जात कुठल्या तरी रजिस्टरमध्ये लिहिलेली असणार. रजिस्टर मिळालं की दाखला मिळाला.

माणसं मोजली, हे खरं. नावंसुद्धा लिहिली गेली होती. पण ती नावं आज आपल्या हाती नाहीत. हे समजून घेतलं नाही तर लोकांचे पैसे आणि हेलपाटे दोन्ही वाया जातात.

मोजणी राहिली, माणसं गेली

फेब्रुवारी १८८१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली एकाच वेळची जनगणना झाली. हैदराबाद संस्थानही त्यात होतं, म्हणून आजच्या मराठवाड्याचे आकडे मिळतात. प्रगणकानं घरातल्या माणसांची माहिती तक्त्यात भरायची, त्या तक्त्यांवरून बेरजा करायच्या आणि बेरजा छापायच्या, अशी पद्धत होती. छापील खंड झाले की मूळ तक्त्यांचं काम संपलं. ते जपून ठेवण्याची गरज सरकारला वाटली नाही. त्याला राज्य चालवायला आकडे हवे होते, आपली वंशावळ नको होती.

म्हणून जुन्या जनगणनेच्या अहवालात किंवा हैदराबाद गॅझेटियरमध्ये काय सापडतं, तर अमुक जिल्ह्यात कुणबी इतके, ब्राह्मण इतके, महार इतके, कोष्टी इतके. अमुक गावातला अमुक माणूस कुणबी होता, असं त्यात नसतं. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयावरून एवढा वाद झाला त्याच्या मुळाशी हेच आहे. गॅझेटियर समाजाबद्दल बोलतं आणि दाखला मात्र एका माणसाला द्यायचा असतो. मधली दरी भरायला त्या निर्णयात गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती आणि कुळातल्या लोकांचं प्रतिज्ञापत्र असा मार्ग काढला गेला. ही तजवीज पुरेशी की पळवाट, यावर दोन्ही बाजू भांडतायत. पण गॅझेटियरमध्ये नावं असती, तर समितीची गरजच पडली नसती.

मग इंग्लंडमध्ये कसं सापडतं?

सोशल मीडियावर परदेशातले लोक १८८१ च्या जनगणनेतलं पणजोबांचं पान टाकतात, ते खोटं नसतं. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनचे नावनिशीवार कागद बऱ्याच प्रमाणात जपले आहेत आणि शंभर वर्षं झाली की ते लोकांसाठी खुले होतात. १९२१ ची पानं जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे, म्हणून तिथली १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ मध्ये आली.

अर्थात सगळं तिथंही शाबूत नाही. इंग्लंडची १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली. आयर्लंडची १८६१ आणि १८७१ ची तर सरकारनंच नष्ट केली. आपली गोष्ट आयर्लंडच्या जवळची.

नावं कुठं आहेत?

भारतात जनगणनेतली नावं टिकून उपयोगाला आल्याचं मोठं उदाहरण एकच, आसाम. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर उतरवून घेतलं गेलं होतं. साठ-पासष्ट वर्षांनी आसाममध्ये लोकांना सांगितलं गेलं की त्यात किंवा १९७१ पर्यंतच्या मतदार याद्यांत आई-वडिलांचं, आजोबांचं नाव दाखवा आणि तुमचं त्यांच्याशी नातं सिद्ध करा. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली तेव्हा १९ लाख ६ हजार ६५७ जण बाहेर राहिले. सगळ्यात जास्त अडचण झाली ती शाळेत न गेलेल्या, कमी वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांची. वडिलांचं नाव यादीत होतं, पण ही त्यांचीच मुलगी, हे सांगणारा कागद नव्हता.

ते १९५१ चं रजिस्टर आपल्याकडेही आहे, जिथं टिकलं तिथं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात प्रशासनानं जे कागद तपासायला घेतले, त्यांच्या यादीत ते आहे. १९५१ पासून सरसकट सगळ्यांची जात नोंदवणं थांबलं होतं, त्यामुळे जातीपेक्षा घरातली माणसं आणि त्यांची नाती कळायला ते जास्त उपयोगी.

ती यादी एकदा वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना १४, दत्तकविधान, इसारपावती, पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं रजिस्टर. म्हणजे ज्याची जमीन होती, जो शाळेत गेला किंवा ज्याला पोलिसांनी पकडलं, तो सरकारी कागदावर उरला. ज्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, तो माणूस जन्म-मृत्यूच्या नोंदीतच सापडला तर सापडायचा.

म्हणून सुरुवात गाव नमुना १४ पासून करावी. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी द्यायचा, त्या या नोंदी. भूमिहीन घरातलं मूलही त्यात असतं आणि बहुतेक ठिकाणी जातीचा रकानाही असतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते, पण गाव आणि साधारण साल सांगावं लागतं. ‘सगळं शोधून द्या’ असा अर्ज कुणी हातात घेत नाही. त्यामुळे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कोण कधी जन्मलं, कोण दुष्काळात किंवा प्लेगात गेलं, याचा अंदाज लावून ठेवलेला बरा.

नक्कल हाती आली की दुसरी अडचण. जुनी पानं मोडीत, मराठवाड्यात उर्दूतही. आडनाव अनेकदा नसतंच. ‘राणू वलद बाळा’ म्हणजे बाळाचा मुलगा राणू, आणि ‘कोम’ दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. एका गावात असे तीन राणू निघू शकतात. तिघांतला आपला कोणता, हे शेताचा सर्व्हे नंबर किंवा भावांची नावं जुळवूनच ठरतं.

सरकारी कागद संपतात तिथं त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा कोल्हापूर-सांगलीकडे येणाऱ्या हेळव्यांचे चोपडे कामी येतात. घराण्याची ओळख पटवायला ते उत्तम. पण दाखल्यासाठी फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

आणि २०२७ चं काय?

नव्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे आणि माहिती मोबाइल अॅपवर भरली जाणार आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे निदान पुढच्या पिढ्यांना तरी नावं मिळतील, असं वाटणं साहजिक आहे.

पण १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं. जनगणनेतली वैयक्तिक नोंद पाहण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. हे कलम असायलाच हवं. प्रगणकाला दिलेलं उत्तर उद्या आपल्यावर उलटणार नाही या भरवशावरच लोक दार उघडतात. मात्र कायद्यात ‘शंभर वर्षांनी खुलं’ अशी तरतूद नाही, आणि ती हवी असं आमचं मत आहे. आता कागदाचे ढीग सांभाळायचे नाहीत, त्यामुळे जागेचं कारणही उरत नाही.

तोवर, प्रगणकाला आपली जात काय सांगितली याचा उतारा दाखल्यासाठी कुणी मागू नये, आणि कुणी काढून देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नयेत.