लग्न कोणत्या प्रकरणात होते?

१६ जानेवारी १९१९ रोजी नेब्रास्का राज्याने मान्यता दिली आणि मद्याची निर्मिती, विक्री व वाहतूक यांवर बंदी घालणारी अठरावी घटनादुरुस्ती अमेरिकेत संमत झाली. त्यानंतर सातच दिवसांनी, २३ जानेवारीला, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारीला बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आणले. परस्परांशी काहीही संबंध नसलेले दोन समाज एकाच सुमारास एकाच प्रश्नाशी झुंजत होते. दारूने पोखरलेले घर सावरायचे कसे, हा तो प्रश्न. अमेरिकेने त्याचे उत्तर कायद्यात शोधले. गडकऱ्यांनी उत्तर न देता त्या घराची अखेर दाखवली.

अमेरिकेतील त्या बंदीचा काळ जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ असा जवळजवळ चौदा वर्षांचा. या काळावर तेथे आजही कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि त्यांत ख्रिस्ती प्रेमकथांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. या प्रकाराची परंपरा ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) या लेखिकेपर्यंत मागे जाते. तिने शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. पुढे १९७९ मध्ये जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. अशा कथांत शृंगाराचे उघडे वर्णन नसते, शिवीगाळ नसते आणि पात्रांची श्रद्धा हा कथेचा कणा असतो. म्हणूनच ही पुस्तके आजी आणि नात दोघींच्याही हाती निःशंकपणे दिली जातात.

दारूबंदीच्या काळातील कथेचा साचा साधारण ठरलेला असतो. एक लहानसे गाव, एक चर्च, एक किराणा दुकान आणि गावाबाहेर रानात धुमसणारी हातभट्टी. नायिका पाद्र्याची कन्या, शिक्षिका किंवा दुकान चालवणारी तरुण विधवा असते. नायक कधी चोरट्या दारूच्या धंद्यात सापडलेला असतो, तर कधी तो धंदा मोडायला आलेला अधिकारी असतो. प्रेम जडते ते मध्यावर. परंतु लग्न होते शेवटच्या प्रकरणात. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण या लेखाचे सारे प्रयोजन त्याच क्रमात आहे.

धर्मश्रद्धेच्या पायावर स्त्रीजीवनाची कथा रचण्याचा प्रकार मराठीला नवा नाही. बाबा पदमनजी यांची विधवांच्या दुःस्थितीवरील ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिचे लेखक ख्रिस्ती होते. अमेरिकेतील मद्यविरोधी चळवळीची ओळखही मराठी वाचकाला बंदीच्या कितीतरी आधी झाली होती. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाचे लोकजीवन व आपला प्रवास यांवर मराठीत ग्रंथ लिहिला. तेथील स्त्रियांच्या संघटित कार्याने त्या प्रभावित झाल्या होत्या. १८७४ मध्ये स्थापन झालेली स्त्रियांची ख्रिस्ती मद्यनिषेध संघटना आणि तिच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला होता. त्या काळी अमेरिकन विवाहितेला संपत्तीवर, कमाईवर आणि मुलांच्या ताब्यावर पुरेसा हक्क नव्हता. पतीने मजुरी गुत्त्यात उडवली तर पत्नीला दाद मागण्यास जागा नव्हती. चर्चच्या दालनात भरणाऱ्या या सभा तिला आपले म्हणणे मांडण्याचे ठिकाण वाटल्या, यात नवल नाही.

या चळवळीतील सर्वांत प्रसिद्ध स्त्रीची स्वतःची कहाणी तर कादंबरीच्या बरोबर उलट आहे. कॅरी नेशन हिने १८६७ मध्ये चार्ल्स ग्लॉइड या तरुण डॉक्टरशी विवाह केला. तो मद्याच्या आहारी गेलेला होता आणि तिच्या आईवडिलांचा या लग्नाला विरोध होता. प्रेमाने तो बदलेल ही तिची आशा काही महिन्यांतच संपली. गर्भवती अवस्थेत ती माहेरी परतली आणि १८६९ मध्ये ग्लॉइडचा मृत्यू झाला. पुढे ती कॅन्सस राज्यात राहू लागली. तेथे १८८१ पासून दारूबंदी होती, तरी गुत्ते राजरोस चालत. जून १९०० मध्ये तिने कायोवा गावातील गुत्ते दगडांनी फोडले आणि नंतर हाती कुऱ्हाड घेतली. लोक तिला विक्षिप्त म्हणत. परंतु त्या कुऱ्हाडीमागे एका तरुण विधवेचा मोडलेला संसार होता.

व्यापारी वाचकाला या इतिहासाची दुसरी बाजूही समजून घ्यावीशी वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या केंद्र सरकारला एकूण उत्पन्नापैकी जवळजवळ एक तृतीयांश भाग मद्यावरील करातून मिळत असे. एवढे उत्पन्न सोडून देणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. १९१३ मध्ये आयकराची घटनात्मक तरतूद झाली, पर्यायी उत्पन्न उभे राहिले आणि मगच बंदीचा विचार व्यवहार्य ठरला. १९२९ नंतरच्या मंदीत आयकराचे उत्पन्न घसरले तेव्हा मद्यकराची आठवण पुन्हा तीव्र झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. मधल्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत होती आणि धार्मिक विधीसाठी द्राक्षमद्याला सूट होती. या दोन्ही सवलतींचा गैरवापर झाला, शिवाय चोरट्या व्यापारातून टोळ्या श्रीमंत झाल्या.

आपल्याकडचा अनुभव फार वेगळा नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० मध्ये त्या राज्यात संपूर्ण बंदी आली. देवगाव रंगारी तेव्हा हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. पुढे बंदी सैल होत गेली. तरी कायद्याच्या नावातील ‘दारूबंदी’ हा शब्द आणि मद्यसेवनासाठी परवाना घेण्याची अट आजही कायम आहे. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूदही महाराष्ट्रात आहे आणि अनेक गावांनी तिचा उपयोग केला आहे. कायद्याने दुकान बंद होते, हे खरे. बंद दाराआडची बाटली मात्र घरातल्या माणसांनाच ओळखावी लागते.

‘एकच प्याला’चे सामर्थ्य नेमके येथे आहे. सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. सिंधूचा विवाह झाला तेव्हा तो निर्व्यसनी होता. तिच्या वडिलांची निवड चुकली नव्हती. सनद गेल्याच्या अपमानाने तो खचतो आणि त्या दुबळ्या क्षणी तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला ठेवतो. सिंधू सर्व सोसते. माहेरची मदत न घेता ती कष्ट करते, उपाशी राहते आणि अखेर नशेतल्या पतीच्या हातून मूल मरते तेव्हाही त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून ती खोटे बोलते. तिच्या निष्ठेत तिळभरही उणे नाही. तरीही सुधाकर वाचत नाही, मूल वाचत नाही आणि तीही वाचत नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक ढसाढसा रडले आणि तिच्या सहनशीलतेची पूजा करत घरी गेले. त्या सहनशीलतेने कोणाचे भले झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

अमेरिकन प्रेमकथा आणि मराठी शोकांतिका शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. त्या ख्रिस्ती कथांतील नायिका नायकावर कितीही प्रेम करीत असली तरी तो पूर्णपणे बदलल्यावाचून होकार देत नाही. तो बदल तिच्या हट्टाखातर नव्हे, तर स्वतःच्या विवेकाने घडावा लागतो आणि काही काळ टिकून दाखवावा लागतो. आधी सुधारणा, मग विवाह. कॅरी नेशनने हा क्रम उलटा केला आणि तिचा संसार दोन वर्षांत संपला.

आपल्या समाजातही हा उलटा क्रम अनोळखी नाही. ‘मुलगा मित्रांबरोबर कधीतरी घेतो, पण लग्न झाले की जबाबदारीने सुधारेल,’ हे वाक्य स्थळे पाहताना दबक्या आवाजात बोलले जाते. पुष्कळदा तर प्रश्नच विचारला जात नाही. मद्याची गणना सप्त व्यसनांत होते, तेव्हा अशा घरात तसले काही असणारच नाही, असे गृहीत धरले जाते. पेढीची उलाढाल, जागा, दागिने, पत्रिका यांची बारकाईने चौकशी होते. मुलाच्या संध्याकाळी कुठे जातात याची होत नाही. ज्या घरात मद्य निषिद्ध आहे त्या घरात ते अधिक काळजीपूर्वक लपवले जाते, हे आपण विसरतो. उधारी देताना जुनी थकबाकी पाहणारा व्यापारी लेकीच्या बाबतीत मात्र नुसत्या शब्दावर विसंबतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला व्यसनमुक्तीचे साधन समजून सासरी पाठवणे हा तिच्यावरचा अन्याय आहे आणि त्या मुलाच्या आजारावरचा उपायही नाही.

लग्नानंतर व्यसन उघड झाले, किंवा सुधाकरासारखे नंतर जडले, तरी मार्ग आहेत. बंदी उठल्यानंतर दीडच वर्षाने, जून १९३५ मध्ये, ओहायो राज्यातील ॲक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची सुरुवात झाली; तिचे गट आज महाराष्ट्रातही भरतात. १९८६ मध्ये डॉ. अनिता तथा सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसन हा आजार आहे आणि त्याच्या उपचारात कुटुंबाचाही वाटा असतो, ही जाणीव मराठी घरांत रुजवली. सिंधूजवळ असा एकही दरवाजा नव्हता. आजच्या सुनेजवळ आहे. तो ठोठावण्यास तिला सासरने अडवू नये आणि माहेरने ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मागे खेचू नये.

घरातील मुलींनी या अमेरिकन कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात आणि त्यांच्या आईवडिलांनीही चाळाव्यात. वाचताना लग्न कोणत्या प्रकरणात होते आणि त्याआधी नायकाला काय सिद्ध करावे लागते, एवढे मात्र पाहावे. पुढचे स्थळ येईल तेव्हा पत्रिका उघडण्यापूर्वी मुलाच्या सवयींची चौकशी करावी आणि उत्तर समाधानकारक नसेल तर नम्रपणे नकार द्यावा.