आधी शी बघा, मग फोटो काढा!

बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा, खांद्यावर बसवून मिरवायचा, पण त्याच्या शीचा विषय निघाला की नाकाला रुमाल! इथे अमेरिकेत असे हौशी मालक पावलोपावली भेटतात. अरे बाबांनो, सर्व्हर बिघडला की आपण आधी लॉग बघतो ना? हा प्राणी ओरडत नाही, दुखणं लपवतो. शी हाच त्याचा लॉग!

तब्येत बरी असेल तर तपकिरी, घट्टसर विष्ठा आणि सोबत पांढरं युरेट, म्हणजे त्याची लघवीच. युरेट पिवळं, खडूसारखं कडक झालं की बहुधा पाणी कमी पडतंय. नुसता आइसबर्ग लेट्युस घातला तर पातळ होणारच, त्यात पाण्याशिवाय आहे काय?

"पण तो किडेच आवडीने खातो!" हा ठरलेला बचाव. पोरगं चॉकलेट आवडीने खातं, म्हणून रोज तेच वाढता का? पिल्लांना किडे जास्त लागतात, मान्य. मोठ्याला मात्र मुख्यतः पालाच हवा. आणि पाला म्हणजे रोज पालक नव्हे, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं.

रक्त दिसलं किंवा पातळ शी थांबेचना, तर घरगुती प्रयोग बंद, थेट व्हेट. असो. रुमाल खिशात ठेवा आणि पिंजऱ्याचा कोपरा बघा!