श्रोत्याचे घर आणि आपली पेढी

रायपूर, भिलाई आणि बिलासपूर येथील व्यवसायबंधूंची अलीकडे गाठ पडली की बहुधा एकच कैफियत कानी येते: उत्तम प्रतीच्या अ‍ॅम्प्लिफायरला, स्पीकरला, टर्नटेबलला गिऱ्हाईक उरलेले नाही. कैफियत खरी आहे, आणि ती केवळ आपल्या मुलखापुरती नाही. १९४६ साली ओसाका येथे स्थापन झालेल्या ऑन्क्यो कंपनीचे २०२२ मध्ये दिवाळे निघाले. हार्मन ही नामांकित अमेरिकन कंपनी २०१७ मध्ये सॅमसंगने, तर मॅकिंटॉश २०२४ मध्ये बोसने विकत घेतली. ज्यांच्या नावावर आपल्या पिढीने श्रद्धा ठेवली त्या पेढ्यांनाच परक्याचा आश्रय करावा लागला, तेव्हा जयस्तंभ चौकातील दुकानदार हवालदिल झाला तर नवल नाही. परंतु या अवनतीचे सारे खापर मोबाइलच्या माथी फोडून मोकळे होण्याची जी रीत आपल्यात पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

रायपूर हे श्रोत्यांचे दारिद्र्य असलेले शहर कधीच नव्हते. तात्यापारा भागातील जुनी मराठी घरे, १९३५ पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळ, १९६३ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे केंद्र, आणि काही तासांच्या अंतरावर, १९५६ साली स्थापन होऊन पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा कुलगुरू लाभलेले खैरागढचे संगीत विश्वविद्यालय: एवढी पुण्याई ज्या प्रदेशाच्या पदरी आहे, तेथे कान तयार असलेला माणूस दुर्मीळ असण्याचे कारण नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील किंवा सरकारी कचेरीतील नोकरदाराने पगारातून शिल्लक टाकून प्रथम एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे सोनोडाइनचा किंवा कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला, तो ऐश्वर्याच्या प्रदर्शनासाठी नव्हे; विलंबित ख्यालाचा विस्तार मैफलीबाहेरही ऐकता यावा, ही त्याची निकड होती.

हा माणूस आपल्यापासून दुरावला तो मोबाइलच्या आधीच. १९९० नंतर, ज्या यंत्रातून दहा-वीस वॅटही धड निघत नसत, त्याच्या खोक्यावर पीएमपीओ या बेबंद परिमाणाचे हजारांतले आकडे छापून आले आणि ते आपण ग्राहकाला बिनदिक्कत वाचून दाखविले. पुढे होम थिएटर आले. पाच स्पीकर आणि एक वूफर भिंतीत ठोकून दिले, बिल फाडले, की आपली जबाबदारी संपली. गुळगुळीत फरशी, काचेची रुंद तावदाने आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत तंबोऱ्याची जोड प्रतिध्वनीत विरून जाते आणि तबल्याच्या बायाचा घुमारा कोपऱ्यात साचतो, हे त्या गृहस्थास कोणी सांगितले नाही. एक जाड गालिचा, पुस्तकांचे एखादे कपाट आणि भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेले स्पीकर, एवढ्याने जे साधले असते, ते न साधल्यामुळे महाग यंत्र आणि स्वस्त यंत्र यांत काही भेद नाही असा त्याने ग्रह करून घेतला. त्या ग्रहाचा दोष आम्ही त्याच्याकडे देत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत तर आपली उपेक्षा अधिकच खेदजनक आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा चांगला स्पीकर उघडून पाहावा: चुंबक शाबूत, कॉइल शाबूत, कोनही शाबूत, केवळ कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन गळतो, कारण आपल्याकडील उन्हाळ्याने आणि दमट पावसाळ्याने त्याचा कस गेलेला असतो. जुना गोंद हलक्या हाताने खरवडावा, डस्ट कॅप काढून कॉइल आणि मधला लोखंडी गाभा यांच्या फटीत कागदाच्या पट्ट्या सारख्या अंतराने बसवाव्यात, नवी कड आधी कोनास व मग चौकटीस चिकटवावी, आणि वाळल्यावर पट्ट्या काढून २० ते ३० हर्ट्झचा स्वर मंद आवाजात सोडावा. कॉइल कोठे घासत असेल तर खरखर लगेच कळते. एवढ्या कामासाठी कुशल कारागिराला अर्धा दिवस पुरतो. तरीही ‘आता हा भंगारात घाला’ असा सल्ला आपल्या कित्येक दुकानांतून दिला जातो, आणि अ‍ॅम्प्लिफायर आलाच तर त्यात नामांकित छापाचे नकली ट्रान्झिस्टर बसवून तो महिन्याभरात पुन्हा जळण्याची तजवीज होते.

वास्तविक काळ आपल्याला सर्वस्वी प्रतिकूल नाही. पूर्वी निर्दोष ध्वनिमुद्रण घरी आणणे हीच खर्चाची मोठी बाब होती. २०२१ पासून अ‍ॅपलसारख्या कंपनीने ध्वनीची काटछाट न केलेले संगीत नेहमीच्याच वर्गणीत उपलब्ध करून दिले आहे. त्या बाजूस वाचलेला पैसा स्पीकरकडे आणि खोलीकडे वळू शकतो. २०१० मध्ये बंद केलेले एसएल-१२०० हे टर्नटेबल टेक्निक्सला २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणावे लागले, हेही विसरू नये. हेडफोन लावून बसणाऱ्या तरुणाला आपण शत्रू मानतो. पण त्याच्या कानांना बारकाव्यांची सवय लागलेली आहे, आणि बैठकीच्या खोलीत समोर गायक बसल्याचा भास त्याने अद्याप अनुभवलेलाच नाही. तो अनुभव देण्याजोगी एक शांत, पडदे लावलेली खोली रायपूरच्या किती दुकानांत आहे? एकट्या दुकानदारास ती परवडत नसेल तर चार पेढ्यांनी मिळून भाड्याने घ्यावी, महिन्यातून एक संध्याकाळ केवळ ऐकण्यासाठी ठेवावी, आणि त्या दिवशी विक्रीची वही उघडू नये.

येत्या अंकापासून आम्ही जुन्या भारतीय स्पीकरांच्या कडांची मापे आणि त्यांस चालणाऱ्या सुट्या भागांची माहिती क्रमशः देणार आहोत. ज्या कारागिरांजवळ अशी यंत्रे दुरुस्तीस आलेली असतील, त्यांनी कोनाचा व्यास, चौकटीची आतली व बाहेरची मापे आणि कॉइलचा ओहम मोजून, यंत्राच्या नावासह, कार्यालयाकडे पाठवावा.