पेट्रोल साधे घालावे की प्रीमियम?

एका वाचक भगिनीने विचारले आहे, "पंपावरचा मुलगा दर वेळी प्रीमियम टाकू का म्हणून विचारतो. आमचे साहेब कधी हो म्हणतात, कधी नाही. महिन्याच्या हिशेबात फरक पडतो. गाडीला खरेच फायदा होतो का? आणि टाकीत दोन्ही मिसळले तर इंजिन बिघडते का?" प्रश्न घरखर्चाचा आहे, म्हणून या वेळी तोच घेते.

प्रीमियमच्या मशीनवर 95 किंवा 100 असा आकडा असतो, तो ऑक्टेन अंक. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलात ताकद जास्त, असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग प्लगची ठिणगी ते पेटवते. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर काही मिश्रण ठिणगीच्या आगीची वाट न बघता आपोआप भडकते आणि इंजिनातून टकटक ऐकू येते. मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात. ऑक्टेन अंक हे आपोआप भडकणे पेट्रोल किती रोखते ते सांगतो, एवढेच. ज्या इंजिनात दाब जास्त, उदाहरणार्थ काही टर्बो गाड्या, त्याला जास्त अंक लागू शकतो. साध्या हॅचबॅकला किंवा स्कूटीला तो देऊन विशेष काही मिळत नाही. आमच्या शाळेतली मोठी मुले अब्बांच्या पैशांनी मोटरसायकलमध्ये 100 ऑक्टेन भरतात आणि गाडी "उडते" म्हणतात. उडतात ते पैसे!

बीएस-6 नियमांत साध्या पेट्रोलचा किमान अंक 91 आहे. इथेनॉलचा स्वतःचा अंक 100 च्या वर असल्याने 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर साधे पेट्रोलही 95 पर्यंत जाते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये सांगितले. मग 95 च्या प्रीमियमसाठी वेगळे पैसे कशाला? त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायने असतात, असे कंपन्या सांगतात. ते असेल, पण ती गोष्ट ऑक्टेनची नव्हे. आणि प्रीमियम घेतले म्हणजे इथेनॉल टळले असेही समजू नका, 95 च्या पेट्रोलातही ते बहुधा असतेच. इथेनॉलमुळे मायलेज थोडे कमी होते, हे मात्र खरे. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून एकदा तपासून घ्यावेत.

हिशेब करून पाहा. लिटरमागे 8 रुपये जास्त धरले आणि महिन्याला 30 लिटर लागले, तर वर्षाचे 2880 रुपये होतात. एवढ्यात एका मुलाची वह्यापुस्तके आणि गणवेश होतो. गरज नसताना खर्च करणे म्हणजे इस्राफ. तो फक्त लग्नाच्या दावतीत होतो असे नाही, टाकीतही होतो.

आता मिसळण्याचे. दोन्ही पेट्रोलच आहेत, बिनधास्त मिसळावीत. 95 चे 15 लिटर आणि 100 चे 15 लिटर घातले तर अंक साधारण 97-98 होईल. इंजिनाला काही होत नाही. बिघडते ते रॉकेलच्या भेसळीने, कारण रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी असतो. ओले धान्य ढिगाखाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याला नबी करीम (स.अ.) यांनी बाजारात कसे टोकले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. रॉकेल मिसळून पेट्रोल म्हणून विकणारा त्याच रांगेत बसतो.

ईदला गावी जाताना, समजा चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली घाट चढताना, भरलेल्या गाडीतून टकटक आली तर आधी गिअर खाली घ्यावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत राहिले की हा आवाज येतो. नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो ठिणगीची वेळ मागे घेऊन इंजिन सांभाळतो. आवाज रोजचाच झाला तर मेकॅनिककडे जावे. साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, तापणारे इंजिन, कारण काहीही असू शकते.

आपल्या गाडीला कोणता अंक हवा ते गाडीच्या पुस्तिकेत असते, पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतही चिकटवलेले असते. तिथे 91 लिहिले असेल तर पंपावर सरळ "साधे" म्हणावे. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागावी, तो ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलचा थेंब कागदावर टाकतात, चांगले पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते.