अकरावी सायन्स : टक्के चांगले, मग मुलं अडखळतात कुठे?

दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात दोनच प्रश्न : किती टक्के, आणि सायन्स ना? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. फॉर्मात १० कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पण शाखेचा विचार घरात दहा मिनिटंही होत नाही, हे आम्ही शिक्षक दरवर्षी बघतो.

उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण अकलेची नाही, भाषेची आहे. कालचा ‘तुर्शा’ आज ‘अ‍ॅसिड’ होतो, ‘असास’चा ‘बेस’ होतो, आणि तोवर सर पुढच्या समीकरणावर गेलेले असतात. विचारायची लाज वाटते. मग दिवाळीच्या आसपास चांगल्या टक्क्यांची मुलगीसुद्धा म्हणते, “अब्बू, मेरेको आर्ट्स में डालो.” आर्ट्स वाईट नाहीच, पण तिथे हरून का जायचं?

नीट उर्दूतून देता येते. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राला उर्दूचा पर्याय आहे. गणित मात्र इंग्रजीतच. त्यात सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेव्हा ‘अकरावी आरामाची’ हे विसरा. आणि भीतीपोटी गणित सोडलं, तर पीसीएम गटच हातून जातो.

निकाल लागून कॉलेज सुरू होईपर्यंत काही आठवडे मिळतात. बालभारतीचं दहावी विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक मोबाइलवर फुकट मिळतं. धडे तेच, आकृत्या त्याच. उर्दू पुस्तकाशेजारी ठेवून रोज दोन पानं वाचून घ्या. अम्मीने बाजूला बसलं तरी पुरे.